कळ

१. बोट टेकलं की टच कळेचा कपॅसिटन्स वाढतो. किती? एक पिकोफॅरड, पुष्कळदा त्याहून कमी. बोर्डवरच्या तांब्याच्या रेघांचा स्वतःचाच दहा-वीस असतो. एवढ्याशा फरकावर सलाइनचा पंप ठरवतो की कुणीतरी काहीतरी सांगितलं.

२. ऑपरेशन थिएटरात विजेच्या कॉटरीला दोन पेडल. पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला. निळं दाबलं की आमच्या नमुन्याच्या पंपावर ‘वाढवा’ची कळ आपोआप लागायची. पाय सर्जनचा, बोट कुणाचंच नाही.

३. १ ऑक्टोबर १९२६, बॉस्टन. हार्वे कुशिंग यांनी डोक्याच्या शस्त्रक्रियेत विल्यम बोवी यांचं यंत्र पहिल्यांदा वापरलं. अमेरिकेत कॉटरीला अजून ‘बोवी’ म्हणतात.

४. कॉटरीची मूळ फ्रीक्वेन्सी बहुधा ३०० ते ५०० किलोहर्ट्झ. बऱ्याच टच चिप याच पट्ट्यात मोजतात. एका गल्लीत दोन वराती.

५. म्हणून तीन वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी नाही. आरडाओरडा करणारा एक जण सरासरी हलवतो, मधल्याला फारसा हलवत नाही.

६. स्वस्त चार्जरला लावलेला फोन: स्क्रीन नाचते. चार्जर काढला की शहाणा. नॉइज चार्जरमधून फोनच्या ग्राउंडवर येतो, पण मोजणीत उतरतो बोट लागल्यावर. कुणी हात लावत नाही तोवर यंत्र निर्दोष.

७. घरगुती यंत्रात फिल्टरला मोठा कपॅसिटर टाकून मोकळं होता येतं. इथे रुग्णाकडे जाणारी गळती १०० मायक्रोअँपियरच्या आत हवी. थेट हृदयाशी जोडलेल्या भागाला १०. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला हिशेब मांडला: १०० मायक्रोअँपियर म्हणजे जेमतेम १.४ नॅनोफॅरड.

८. म्हणून नॉइज अडवायला कळेच्या रेघेत काही किलोओहमचा एक रेझिस्टर. किंमत पैशांत. बसवायचा चिपच्या पिनला लागून. पहिल्या बोर्डात तो कळेजवळ बसवला होता.

९. १६ मापांची सरासरी घेतली की विस्कळीत नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. ६४ घेतली तर आठव्या.

१०. सिस्टरना विचारलं, कळ बरोबर लागते ना?
“दोनदा दाबायची. पहिल्यांदा ऐकत नाही ती.”

११. डिबाउन्स: सलग चार मापं ‘बोट आहे’ म्हणाली तरच मान्य करायचं. मराठीत याला कळ काढणं म्हणतात.

१२. सलाइनचा थेंब वीज वाहतो, चिपला बोटासारखा दिसतो. मावशी ओल्या फडक्याने पुसतात तेव्हा दहा बोटं. नियम केला: एका वेळी तीन कळा लागल्या तर एकही खरी धरायची नाही.

१३. वैद्यकीय यंत्रांचं मानक आयईसी ६०६०१-१-२, चौथी आवृत्ती, २०१४. रेडिओ लहरींच्या मूळ चाचणीत रुग्णालयातल्या यंत्राने मीटरला ३ व्होल्ट सोसायचे. घरी वापरायच्या यंत्राने १०.

१४. थेरेमिन हे रशियन वाद्य १९२० च्या सुमाराचं. हात लावायचाच नाही. हाताने हवेत कपॅसिटन्स बदलायचा, सूर बदलतो. त्यात चुकून लागायला कळच नाही.

१५. दुहेरी हातमोजे घालून दाबलं तर सिग्नल आणखी उतरतो. संवेदनशीलता वाढवली. दुसऱ्या दिवशी कॉटरीशिवायच कळ लागली.

१६. सगळं झाल्यावर चाचणी: कॉटरी शेजारी, निळं पेडल दाबून धरलेलं, तासभर. ‘वाढवा’ एकदाही लागली नाही. बोटाने दाबली तेव्हा लागली, जरा उशिरा.

१७. पंप थांबवायची कळ मात्र टच नाही. स्प्रिंगची आहे. दाबली की खट्ट वाजते.