अंधारातली गिटार

८४ हजार रुपये. एका गिटारचे! हा आकडा आत्तापर्यंत मी फक्त तिघांना खरा सांगितलाय. आईला ‘चाळीसच्या आसपास’ असं सांगितलं होतं. त्यावर ती ‘चाळीस?’ म्हणून जी काही किंचाळली, त्यावरून उरलेले चव्वेचाळीस गिळून टाकण्याचा माझा निर्णय बरोबरच होता. आता हा अंक सांगलीला आमच्या घरी पोचू नये, एवढीच प्रार्थना.

तर ही गिटार. सॉलिड स्प्रूसचा टॉप, शिसवीची पाठ. म्हणजे आपलीच भारतीय शिसवी बरं का! १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके बाहेर जायचे बंद झाले आणि परदेशातले मोठे गिटार बनवणारे आपल्या शिसवीकडे वळले. म्हणजे हे लाकूड परदेशवारी करून, ड्यूटी भरून पुन्हा माझ्या बाणेरच्या वन बीएचकेत आलं होतं. बोनस झाला, दोन वर्षांची बचत झाली, गोव्याची एक ट्रिप कॅन्सल झाली, तेव्हा कुठे एका शुक्रवारी ती दारात आली. केस उघडली आणि तो नव्या लाकडाचा वास... आहाहा! पुढची वीस मिनिटं मी जगातली सर्वांत सुखी मुलगी होते.

एकविसाव्या मिनिटाला मी मोबाइलचा टॉर्च लावला.

काय करणार, धंदाच तो आहे माझा. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत क्यूए लीड आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना नंबर द्यायचे, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे तासाभरात लिस्ट तयार. एक : साउंडहोलच्या आत, एका पट्टीच्या कडेला वाळलेल्या ग्लूचा ओघळ. दोन : कडेच्या बाइंडिंगलगत पॉलिशमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा खळगा. तोही प्रकाश तिरका पडला तरच दिसणारा. तीन : हेडस्टॉकवरच्या शिंपल्याच्या नक्षीभोवती किंचित जास्त भरलेलं फिलर. चार : मोकळी जी तार छेडली की बारीकशी झर्र.

दुकानात फोन केला. ‘मॅडम, हाताने बनवलेली वस्तू आहे, एवढं चालतंच,’ पलीकडचा म्हणाला. माझी सटकली. बॉस, २२०० ची गिटार असती तर ‘चालतंच’ मी स्वतःच म्हटलं असतं. ८४ हजारांत ‘चालतंच’ कुठे बसतं? जरा आवाज चढवल्यावर तीन पर्याय आले. सात दिवसांत परत करा, पूर्ण पैसे मिळतील. किंवा बदलून घ्या, पण दुसरा पीस यायला दीड महिना लागेल. किंवा हीच ठेवा आणि सेटअप फुकट करून घ्या.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘परत कर, तत्त्वाचा प्रश्न आहे.’ दुसऱ्याने थेट विली नेल्सनच काढला. त्याची ट्रिगर नावाची गिटार १९६९ पासून त्याच्याकडे आहे आणि वाजवून वाजवून तिच्या टॉपला चक्क भोक पडलंय. ‘तो भोक पडलेली वाजवतो आणि तू खळगा मोजतेस?’ मला ते पटलं नाही. ते भोक त्याने स्वतः कमावलंय. माझा खळगा कारखान्यातून फुकट आलाय. अनुभवाचा ओरखडा आणि दुसऱ्याचा निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हो की नाही?

चौथ्या दिवसापर्यंत मी गिटारचे अकरा फोटो आईला व्हॉट्सअॅप केले होते. प्रत्येक फोटोत लाल रंगाचं एक वर्तुळ. आई शास्त्रीय गाते, वाद्यांतलं तिला कळतं. तिचा एका ओळीचा रिप्लाय आला : ‘फोटो छान आहेत. वाजते कशी?’

काय उत्तर देणार? चार दिवसांत मी ती धड दहा मिनिटंसुद्धा वाजवली नव्हती.

खोटं कशाला बोलू, त्याचं कारण खळगा नव्हता. दहावीच्या सुट्टीत, २००६ मध्ये, बाबांनी मला पहिली गिटार घेऊन दिली होती, २२०० रुपयांची. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच की एफ कॉर्ड धरताना डोळ्यांत पाणी यायचं. एक खुंटी सारखी सैल पडायची, तिला बाबा कागदाची घडी लावून द्यायचे. पण मी रोज तीन-तीन तास वाजवायचे. तिच्यात काय काय वाईट आहे हे मला माहीतच नव्हतं. नोकरी लागली, बंगळुरूला जाताना ती शेजारच्या मुलाला देऊन टाकली आणि त्यानंतर नऊ वर्षं मी गिटारला हात लावला नाही. ‘चांगली घेईन तेव्हा वाजवीन’ हे माझं ठरलेलं वाक्य. आता चांगली समोर होती. ती परत गेली असती तर हे वाक्य आणखी दीड महिना वापरता आलं असतं! वाईट वाजलं तर दोष द्यायला आता गिटार उरणार नव्हती, ही माझी खरी भीती होती. टॉर्च मारायला ती मिळत नव्हती, इतकंच.

बुधवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. धाडकन वीज कडाडली आणि अख्ख्या सोसायटीचे लाइट गेले. लिफ्टसाठी जनरेटर आहे, आमच्यासाठी नाही. लॅपटॉपची बॅटरी संपलेली, मोबाइल १२ टक्क्यांवर. टॉर्च लावायचीही सोय नाही. हाताला लागली ती गिटार.

पहिली पंधरा मिनिटं भयंकर गेली. बोटं मऊ पडलेली, कॉर्ड बदलताना शोधाशोध. मग कधीतरी हातांना आपोआप आठवायला लागलं. खालच्या तारांचा खर्ज छातीला टेकलेल्या शिसवीतून थेट आत जात होता. अंधारात ग्लूचा ओघळ नव्हता, खळगा नव्हता, फिलर नव्हतं. लाइट आले तेव्हा दोन तास झाले होते आणि डाव्या हाताची बोटं हुळहुळत होती. अगदी २००६ सारखी!

पण जी तारेची झर्र अंधारातही होती. उलट जास्तच ऐकू येत होती. चारपैकी तीन चुका दिव्याबरोबर गेल्या आणि एक उरली. मग मी त्या एकीचाच पाठपुरावा केला. तार कुठल्याही फ्रेटवर दाबली की आवाज स्वच्छ. मोकळी सोडली की झर्र. म्हणजे फ्रेट ठीक, मान ठीक. गडबड नटमध्ये. नट म्हणजे मानेच्या टोकाशी असलेली हाडाची पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. जीची खाच कणभर जास्त खोल गेली होती. मान पिळलेली असती, ब्रिज उचललेला असता, टॉपला तडा असता किंवा बाराव्या फ्रेटवर सूर जुळत नसता, तर मी गिटार त्याच रात्री पॅक केली असती. हे सगळं एकेक करून तपासलं. सगळं पास.

गुरुवारी सेटअपला घेऊन गेले. तिथल्या काकांनी हाडाची पूड आणि चिकटवायचं द्रव्य घालून खाच भरली, वाळू दिली आणि बारीक कानशीने पुन्हा कोरली. काम झालं अर्ध्या तासात. दुकानाला मेल टाकला : ठेवतेय. पण तक्रारीची यादी फोटोंसकट जोडलीच. ठेवणं वेगळं आणि ‘चालतंच’ला मान डोलावणं वेगळं.

रात्री आईला फोन केला, स्पीकरवर टाकला आणि वाजवून दाखवलं. आधी तिला त्या झर्रची गोष्ट सांगितली, तर ती हसायलाच लागली. ‘अगं, आम्ही तंबोऱ्याच्या तारांखाली दोरा सरकवून तोच झणत्कार मुद्दाम आणतो!’ तिचा तंबोरा मिरजेचा आहे. त्याचा भोपळा एका बाजूने जरा फुगीर आहे, हे मी लहानपणापासून बघतेय. ‘तो का नाही बदललास?’ मी विचारलं. ‘भोपळा वेलीवर वाढतो गं, साच्यात नाही. आणि मी तो बघत बसत नाही, लावते.’

मग मी एक लांब सी मेजर छेडला. पलीकडे जरा शांतता.

‘छान आहे गं आवाज. पण गांधार चढा लागतोय.’

च्यायला! ट्यूनर काढला, सगळ्या तारा तपासल्या, सगळ्या हिरव्या. मग डोक्यात प्रकाश पडला. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. त्या हिशेबात गांधार तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर बसतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. माझ्याच नाही, अशा फ्रेटच्या प्रत्येक गिटारचा तो तसाच बसतो. दीड महिना थांबून बदलून घेतलेलीचाही बसला असता.

पाचवा बग. सिव्हिअॅरिटी : कायमची. स्टेटस : क्लोज्ड.

‘बरं, खरी किंमत किती गं?’ आईने तेवढ्यात विचारलं.

मी पुढचा कॉर्ड जरा जोरातच छेडला.