भोपळ्याची गाडी

सिंड्रेला आमच्या घरात आली ती रंगीत चित्रांच्या एका पातळ पुस्तकातून. मी दुसरीत होतो. मी अडखळत वाचायचो, आजी तांदूळ निवडत ऐकायची. भोपळ्याची गाडी झाली तिथे मी मुद्दाम थांबलो. आजीने सुपातून मान वर केली नाही. "म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते, मग ही का नाही जाणार?" काचेच्या बुटावर मात्र ती अडली. काच फुटून पाय चिरला म्हणजे? आणि राजाचा मुलगा पायताण हातात घेऊन दारोदार हिंडतो, हे तर तिला मुळीच पटेना.

आठवड्याभराने वीज गेली, तेव्हा आजीने तीच गोष्ट आम्हा भावंडांना सांगितली. बुटाचं पैंजण झालं होतं. जिच्याकडे जोडीचं दुसरं, ती राणी. सावत्र आई शिळी भाकरी देत होती, तीही कोरडी. 'हं' म्हणायला कुणी चुकलं की गोष्ट तिथेच थांबायची.

आता माझी पंधरा वर्षांची भाची मरिसा मायरची 'सिंडर' वाचतेय. 2012 साली आलेली ही कादंबरी भविष्यातल्या न्यू बीजिंगमध्ये घडते. नायिका अर्धी माणूस, अर्धी यंत्र. बाजारात बसून यंत्रं दुरुस्त करते. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट निसटत नाही, धातूचं अख्खं पाऊलच निखळतं.

"पार वाट लावली की गोष्टीची," मी म्हणालो.

"कुठल्या गोष्टीची, मामा?" चीनमध्ये नवव्या शतकात लिहिली गेलेली ये-श्येनची गोष्ट तिला ठाऊक होती. त्या मुलीला माशाची हाडं मदत करतात आणि तिचा जोडा सोन्याचा असतो. माझा 'मूळ' भोपळा आणि काचेचा बूट फ्रान्सच्या पेरोने 1697 मध्ये छापलेले. 'सिंडर'मध्ये भोपळ्याच्या जागी भंगारातली नारिंगी मोटार आहे. आमची सिंड्रेला आयत्या गाडीत बसली. ही गाडीखाली शिरून ती चालू करते. हे मला आवडलं, कबूल करतो.

चुकल्याचुकल्यासारखं वाटलं ते वेगळंच. 'सिंडर'च्या मालिकेचे चारही मुख्य भाग भाचीच्या उशाशी हजर. आजीला मध्येच डुलकी लागली की आम्हाला उद्यापर्यंत थांबावं लागे. आणि भाची वाचते ती मिटल्या तोंडाने. तिच्या पुस्तकाला कुणाचं 'हं' लागत नाही.

मग मीच तिला आजीची पैंजणवाली सिंड्रेला सांगायला घेतली. तिने पुस्तक पालथं घातलं.

"पळताना पैंजण वाजलं नाही? पहारेकऱ्यांना ऐकू कसं नाही गेलं?"

हे आजीला आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मी क्षणभर थांबलो.

"घुंगरांत तिने कापूस कोंबला होता."

"हं," भाची म्हणाली.