सातवा दिवस

माझ्या आजीचा रविवार शनिवारीच सुरू होई. दिवेलागणीपूर्वी रांजण भरलेला, पीठ दळून ठेवलेले, आणि दुसऱ्या दिवशी उपासनेहून परतल्यावर शिवणाची सुईसुद्धा हाती धरावयाची नाही, हा तिचा दंडक.

पुढे बिबवेवाडीस बिऱ्हाड करून मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा तो दंडक आपोआप मोडला. कारण फळे-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद, आणि रविवारी आवक प्रचंड. माझी माणसे उपासनेस बसत, त्या घटकेस मी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहीत असे. शनिवारच्या सक्तीच्या सवडीत मात्र सॅलिसबरी पार्काकडे निघालेली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी दिसत, ज्यांनी शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच सर्व कामकाज तहकूब केलेले असे. हाच वार पाळून तेलाचे घाणे बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांस कोकणाने शनवार तेली म्हटले होते.

वाराच्या वादात मी शिरलो नाही. पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार मला प्रियच आहे. मला खिळवून ठेवले ते उत्पत्तीच्या क्रमाने. मनुष्य घडला सहाव्या दिवशी; म्हणजे ज्याने अद्याप नांगर धरला नाही, कवडीही मिळवली नाही, अशा त्या जीवाच्या वाट्यास आलेला पहिला पूर्ण दिवस ईश्वरासमवेत विसाव्याचा होता. श्रमापूर्वीच पदरी पडलेल्या या दानात ख्रिस्ती श्रद्धेतील कृपेचा सारा अर्थ मला सापडतो, आणि ताळेबंद जुळलेला नसतानाही दफ्तर मिटून स्वस्थ चित्ताने उठणे मला तेव्हापासून साधू लागले.

परंतु बायबलातील ‘अनुवाद’ या ग्रंथात विसाव्याचा हा दिवस पाळण्याच्या आज्ञेचे कारण निराळे दिले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, याचे स्मरण ठेवा. म्हणून दास, दासी, बैल, गाढव, वेशीआतला परका, सर्वांसच तो दिवस मोकळा. गिरणीकामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी. ते ख्रिस्ती नव्हते, तथापि आज्ञेचा हा भाग त्यांनी पुष्कळ ख्रिस्ती जनांहून अधिक सार्थ केला, असे माझे मत आहे.

सेवानिवृत्तीनंतर माझे रविवार मला परत मिळाले. पण बाजार बंद म्हणून शनिवारची रोजंदारी बुडालेला, कोणत्याही माथाडी मंडळात नोंद नसलेला मजूर यार्डाच्या फाटकाशी भेटतो, तेव्हा त्याच्या त्या दिवसास विसावा म्हणण्यास माझे मन धजत नाही. त्याच्या बुडालेल्या मजुरीची मागणी मी माझ्या रविवारच्या प्रार्थनेत घातली आहे.