बाबांचा मीटर आणि माझा लेख

मी कंटेंट रायटर आहे. म्हणजे सकाळी केसगळतीवर, दुपारी होम लोनवर आणि संध्याकाळी लक्झरी कारवर लिहिते. इंग्रजीत बीए केलंय, भाषा बरी आहे, त्यामुळे विषय कुठलाही असो, लेख वेळेत जातो.

माझे बाबा गेली तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. रायपूरच्या शंकर नगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. ऑफिसात कुणी विचारलं, तर मी ‘बाबांचा ऑटोमोबाइलचा बिझनेस आहे’ असं सांगायचे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं उरकली आणि शहरात वराती सुरू झाल्या. एका संध्याकाळी क्रेनवरून एक पांढरी परदेशी गाडी दुकानासमोर उतरली. छत घडी होऊन डिक्कीत जाणारी, नवरदेवांसाठी भाड्याने दिली जाणारी. छत मात्र अर्ध्यावरच अडकलं होतं. मालक घामाघूम झाला होता. ‘‘भैया, परसों बारात है,’’ एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. एका मोठ्या वर्कशॉपने पंप गेल्याचं सांगून तीन लाखांचा खर्च आणि तीन आठवडे मागितले होते.

आई मला आत येऊन म्हणाली, ‘‘सांग गं तुझ्या बाबांना. एवढ्या महागड्या गाडीला काही झालं, तर भरून द्यायला दुकान विकावं लागेल.’’

मी बाहेर गेले, पण वेगळ्याच उत्साहात. दोनच महिन्यांपूर्वी मी अशाच गाड्यांवर लेख लिहिला होता. १९५७ साली अमेरिकेत फोर्डने स्कायलाइनर नावाची गाडी काढली, तिचं धातूचं छत फक्त विजेच्या मोटारींवर घडी व्हायचं, हे मला पाठ होतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हे काम हायड्रॉलिक पंप करतो, हेही माहीत होतं. पंप तेल दाबतो, तेल सिलिंडरमधला दांडा ढकलतं आणि छत हलतं.

ड्रायव्हरच्या हातात ब्रेक ऑइलची बाटली होती. ‘‘तेल कमी दिसतंय, हे टाकू का?’’

‘‘चालतं,’’ मी म्हणाले. माझ्या लेखात तसं वाक्यच होतं.

‘‘थांब!’’ बाबा एवढ्या जोरात ओरडले, की ड्रायव्हरच्या हातातून झाकण पडलं. ‘‘आधी त्या टाकीवर काय लिहिलंय ते वाच.’’

मी मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. फक्त खनिज हायड्रॉलिक तेल वापरा, असं इंग्रजीत छापलं होतं. बाबांनी समजावलं, ‘‘डॉट ३, डॉट ४ चं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. या तेलासाठी बनवलेले रबरी सील त्यात फुगतात, मऊ पडतात. आज छत हललं असतं, पण पुढे एकेक सिलिंडर गळायला लागला असता.’’

मी गप्प झाले. माझं ते वाक्य कुठून आलं होतं, ते मला आठवत होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून. त्याने कुठून घेतलं, देव जाणे.

बाबा मालकाला म्हणाले, ‘‘पंप गेला असेलही. पण मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. नाही जमलं, तर पैसे घेणार नाही.’’ मग त्यांनी अर्धवट छताखाली दोन लाकडी टेकू लावले आणि कुणालाही हात आत घालू दिला नाही. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. अशा छताच्या नळीत तेलाचा दाब शंभर बारच्याही वर जाऊ शकतो. बारीक छिद्रातून उडालेली धार कातडीत शिरते. म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल मी वाचत गेले आणि बाबा एकेक गोष्ट तपासत गेले. डिक्कीतलं सामानाचं विभाजक झाकण नीट लागलंय का? फ्यूज? रिले? छताच्या प्रत्येक टप्प्यावर एक छोटा स्विच असतो. ‘माझं झालं’ असा निरोप त्याने दिल्याशिवाय कंट्रोल युनिट पुढचा टप्पा सुरू करत नाही. ‘‘पंगतीसारखं आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘वरण आल्याशिवाय तूपवाला पुढे सरकत नाही.’’

ते सगळं ठीक निघालं. मग बाबांनी पंपाच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. तो झगझगीत पेटला. ‘‘वर्कशॉपवालेही हेच बोले,’’ मालक खिन्नपणे म्हणाला. ‘‘करंट बराबर, मतलब पंप खराब.’’

बाबांनी मीटर काढला. ‘‘आता बटण दाब.’’

इंजिन चालू होतं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते. बटण दाबताच पंप कण्हला आणि पंपाच्या टोकांवरचा आकडा साडेनऊवर घसरला. बाबांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी पंपाच्या मायनसला लावली. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं होतं. आले ४ व्होल्ट.

‘‘सापडलं,’’ बाबा म्हणाले.

डिक्कीतला गालिचा उचलला, तर खाली ओल होती. छताच्या कडेचं पाणी बाहेर जाण्यासाठी दिलेली बारीक नळी कडुनिंबाच्या पानांनी तुंबली होती. पाणी आत साचत गेलं आणि पंपाची अर्थची वायर जिथे पत्र्याला कसली होती, तो बोल्ट हिरवा पडला होता.

बाबांनी मला हिशोब सांगितला. छोटा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, गंजलेल्या जोडातूनही तो पेटतो. पंपाला मात्र ४० अँपिअर लागतात. जोडात ०.१ ओहम एवढासा अडथळा असला, तरी ४० गुणिले ०.१, म्हणजे ४ व्होल्ट तिथेच संपतात. उरलेल्या व्होल्टमध्ये पंप जोर कुठून आणणार?

बोल्ट घासला, वायरला नवा लग लावला, पत्रा चकचकीत करून वर ग्रीस चोपडलं. नळी साफ केली. पुन्हा बटण दाबलं तेव्हा पंपाचा आवाज भरदार आला आणि छत पूर्ण उघडलं. पण जरा संथ. पुठ्ठा धरल्यावर एका सिलिंडरपाशी तेलाचे थेंब दिसले. दोष दोन होते, एक विजेचा आणि एक तेलाचा. दुसऱ्या दिवशी टाटीबंधला जेसीबीचे सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने नवे सील बसवून दिले. टाकीवर लिहिलेलंच तेल आणलं आणि लेबलवर सांगितल्याप्रमाणे छत उघडं ठेवून पातळी पाहिली. सगळा खर्च अकरा हजारांत आटोपला. वरात वेळेवर निघाली.

त्या रात्री मी संपादकांना फोन करून माझ्या लेखातलं ते वाक्य बदलायला सांगितलं. ‘‘कुणाची तक्रार आलीय का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘नाही,’’ मी म्हणाले, ‘‘पण ते चुकीचं आहे आणि ते मीच लिहिलंय.’’ हे सांगताना घसा कोरडा पडला होता. ‘‘हे तुला कसं कळलं?’’ ते म्हणाले. मी सांगितलं, ‘‘माझे बाबा गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात.’’

तुमच्याकडे छत उघडणारी गाडी नसेलही. पण पॉवर विंडो संथ चढत असेल, हेडलाइट मंद वाटत असेल किंवा सेल्फ कण्हत असेल, तर नवा पार्ट घेण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा, ‘अर्थ तपासली का? आणि बटण दाबून मोजलं का?’

हल्ली गाड्यांवरचा प्रत्येक लेख मी आधी बाबांना वाचून दाखवते. ते हातातलं काम न थांबवता ऐकतात. एखादं वाक्य फार छान जमलं असेल, तर नेमकं तिथेच मान वर करून विचारतात, ‘‘हे तू मोजलंस, की कुठे वाचलंस?’’