पणजीचे माहेर

मुलीकडे न्यू जर्सीला गेले असताना तिने हातात एक प्लास्टिकची नळी दिली. आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, मग रेघेपर्यंत थुंकी भरायची. आमच्या घराण्याची वंशावळ चुलत्यांनी जपून ठेवली आहे. डीएनए तिच्यात आणखी काय भर घालणार, असे मनात होते. निकाल मोबाइलवर उघडला. जुळणाऱ्या माणसांच्या त्या लांब यादीत वंशावळीतले एकही आडनाव नव्हते.

प्रत्येक नावापुढे एक आकडा आणि 'सेंटीमॉर्गन'. फळमाश्यांवर संशोधन करणाऱ्या थॉमस हंट मॉर्गन यांच्यावरून हे नाव पडले. मी माझ्यापुरते त्याला 'नात्याचे माप' म्हणते. आई आणि लेकरात ते ३,४००च्या आसपास असते, सख्ख्या मावस-चुलत भावंडांत सरासरी ८७०, त्यांच्या मुलांमुलांत २३०, आणि आणखी एक पिढी खाली ७०. या शेवटच्या नात्यात दहांतल्या एकाशी तर काहीच जुळत नाही. म्हणजे यादीत नाव नसले तरी माणूस नात्यातला असू शकतो. हे समजल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

डॅना लीड्स या अमेरिकन बाईंनी २०१८ मध्ये मांडलेली रंगांची रीत मुलीने शिकवली. ४०० ते ९० मापाची माणसे घ्यायची. पहिल्याला एक रंग द्यायचा, त्याच्याशीही जुळणाऱ्या सर्वांना तोच. उरलेल्यांतल्या पहिल्याला दुसरा. शेवटी चार रकाने पडावेत, चार आजी-आजोबांचे. भारतात ही तपासणी करणारे थोडे, त्यामुळे माझ्याकडे ९०च्या वर माणसेच मोजकी होती. मी ४०च्याही थोडे खाली उतरले. तर गुलाबी आणि पिवळा रकाना एकमेकांत मिसळले. तीच माणसे दोन्हीकडे!

याचे उत्तर घरातच होते. वडिलांच्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे तशी चालच होती. त्यामुळे ते दोन्ही रकाने एकाच घराचे. शिवाय पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्ने झाली की डीएनएचे बारीकबारीक तुकडे सगळ्यांत सापडतात आणि बेरीज फुगते. अशा वेळी सर्वांत लांब सलग तुकडा पाहावा. अलीकडचा समान पूर्वज असेल तर तो सहसा मोठा असतो. सातच्या खालचे तुकडे पुष्कळदा निव्वळ योगायोग असतात.

हिरवा रकाना मात्र स्वच्छ निघाला. त्यात आईच्या मावशीची नात होती, म्हणून तो आईच्या आईचा. त्याच रकान्यात मॉरिशसच्या एक बाई: एकूण ३८, सर्वांत लांब तुकडा २१. मी भीत भीत निरोप पाठवला. उत्तर आले: त्यांच्या घरी गणपती बसतो. पूर्वज मुंबईहून जहाजाने उसाच्या मळ्यांवर गेलेला. १८३४ पासून साडेचार लाखांवर माणसे भारतातून अशी तिथे करारावर नेली गेली, आणि त्यांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. या पूर्वजाच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी, आणि पुढे एक गाव, मला न लागणाऱ्या स्पेलिंगात.

आता हा पूर्वज पणजोबांकडचा की पणजीकडचा? त्यासाठी पणजीचे माहेर हवे. चुलत्यांच्या कागदात आईकडचे कुणीच नाही, आणि आमच्या घरच्याही बायकांची नावे नाहीत. मला ते फार लागले. माझ्यात या बायकांचा वाटा पुरुषांइतकाच आहे, आणि रकाने लावायला नेमकी त्यांचीच नावे लागतात.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आजीचं माहेर संगमेश्वराकडचं. तिच्या भावाचा नातू डोंबिवलीला असतो की!" मावशी माझ्याहून एक पिढी वर, म्हणजे या बाईंशी तिचे माप माझ्या दुपटीच्या आसपास असू शकते. तिची तपासणी आधी, मग डोंबिवलीच्या मामांची. मामांचा तोच तुकडा त्या बाईंशी जुळला, तर पूर्वज पणजीच्या माहेरचा. नाही जुळला, तर इतक्या दूरच्या नात्यात त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून मामांच्या बहिणीलाही विचारणार आहे.