हलके लॅपटॉप, जुन्या फायली

ॲपलचा १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलो वजनाचा आणि १.१३ सेंटिमीटर जाडीचा आहे. डेलचा एक्सपीएस १३ साधारण १.२ किलोचा, जाडीला दीड सेंटिमीटरच्या आसपास. पहिल्यावर मॅकओएस, दुसऱ्यावर विंडोज ११. दोन्हींत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. एक्सपीएसची एसएसडी निदान बदलता येते, एअरची तीही नाही. उलट एअरला पंखाच नाही. तो आवाज करत नाही आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ठेवला तरी धूळ आत ओढून घेत नाही, एवढा गुण त्याच्या पदरात टाकायला हरकत नसावी. चार्जरशिवाय कामाचा दिवस दोघेही काढतात. सर्वसाधारण तुलना इथे संपते आणि मग पडदा कुणाचा उजळ, कळा कुणाच्या मऊ अशा आवडीनिवडीच्या गोष्टी सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला तेवढे पुरते.

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या बेळगाव-निपाणीकडच्या संगणकाला मात्र रोज दोन लिप्या लिहाव्या लागतात. पतसंस्थेची सभासदांना जाणारी नोटीस मराठीत, सहकार खात्याला जाणारे पत्र कन्नडात. निपाणीतला एक विद्यार्थी देवचंद कॉलेजात जातो. ते कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. त्याच्याच गल्लीतला दुसरा कर्नाटकातल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात शिकतो. दोघांच्याही घरचा शेतीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रणालीतून कन्नडात निघतो. कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनांचे छापील साहित्य मराठीत होते आणि त्याच डीटीपीवाल्याकडे दुकानाच्या पाटीचे काम आले, तर कर्नाटकाच्या भाषा-कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, इथल्या माणसाने लॅपटॉप निवडताना मॅक की विंडोज हे आधी पाहूच नये. आपल्या फायली कोणत्या संकेतात साठवलेल्या आहेत, हे आधी पाहावे. ते कळले की यंत्राचे उत्तर जवळजवळ आपोआप येते आणि दुकानदार सांगतो त्याहून ते बरेचदा वेगळे निघते.

‘मॅकवर मराठी नीट होत नाही आणि कन्नड तर होतच नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. एकेकाळी त्यात तथ्य होते. विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला आणि २००१ च्या एक्सपीत कन्नडसाठी ‘तुंगा’ आला. मॅकवर देवनागरी होती, पण कन्नडची सोय व्हायला २०११ ची ‘लायन’ आवृत्ती उजाडली. ती दहा वर्षे निर्णायक ठरली, कारण याच काळात सीमाभागातले छापखाने, पतसंस्था आणि टंकन वर्ग संगणकावर आले. दोन लिप्यांची गरज असलेल्याला विंडोजशिवाय दुसरा मार्गच नव्हता. आज ते कारण उरलेले नाही. विंडोजमध्ये ‘निर्मला’ हा एकच फाँट देवनागरी आणि कन्नड दोन्ही सांभाळतो. मॅकमध्ये ‘कोहिनूर देवनागरी’ आहे, मराठी वळणाच्या ल आणि श साठी ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ आहे, शिवाय दोन-तीन कन्नड फाँट आहेत. गंमत म्हणजे ज्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमुळे लोक विंडोज सोडायला तयार नसतात, ते बनवणाऱ्या पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचा ‘श्री देवनागरी ७१४’ मॅकमध्ये फुकट बसवलेला मिळतो.

टंकनाचेही तसेच. इनस्क्रिप्ट हा १९८६ पासूनचा सरकारमान्य कळफलक दोन्ही यंत्रांत आहे आणि तो जणू सीमाभागासाठीच आखल्यासारखा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि सगळ्या भारतीय लिप्यांत अक्षरांची जागा एकच. ज्या कळेवर मराठी क, तिथेच कन्नड क. मराठी शिकलेल्या बोटांना कन्नडसाठी ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांच्याच काय त्या जास्तीच्या कळा शिकाव्या लागतात. इंग्रजी स्पेलिंगने लिहिणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कळफलक आहेत, मॅकमध्येही इंग्रजी कळांवर बेतलेले पर्याय आहेत. थोडक्यात, आज कोरी फाइल उघडून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतात, लिहायला बसणाऱ्याला या दोन लॅपटॉपमध्ये भाषेच्या बाजूने फरक उरलेला नाही. मग त्याने किंमत, दुरुस्ती आणि आवड पाहून खुशाल ठरवावे.

पण कोरी फाइल कुणाकडे असते? सीमाभागातला खरा साठा जुन्या फाँटांत आहे. हे फाँट कसे चालतात ते समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टंकलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. तिथे असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्या प्रत्येकाच्या जागी फाँट मराठी अक्षराचा एखादा तुकडा दाखवतो: कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. फाँट काढून घेतला की पडद्यावर अर्थहीन रोमन रांगोळी उरते. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या क्रमाने मांडले, म्हणून श्रीलिपीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या फाँटात लावली की तीही बिघडते. कन्नडची गोष्ट इथे वेगळी आहे आणि ती मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य करावी. कर्नाटक सरकारने कन्नड गणक परिषदेच्या मदतीने कळफलक आणि फाँटमधील तुकड्यांचा क्रम दोन्ही ठरवून दिले आणि ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर त्याच पायावर फुकट वाटले. कळफलकाची मांडणी के. पी. राव यांची. परिणाम असा की जुनी कन्नड फाइल युनिकोडमध्ये नेणे बरेच सोपे आहे. जुन्या मराठी फायलीच्या बाबतीत मात्र ती नेमक्या कोणत्या कंपनीच्या कोणत्या फाँटात आहे, इथपासून शोध घ्यावा लागतो.

आता लॅपटॉपकडे परत येऊ. ‘जुन्या फायली आहेत ना, मग विंडोज घ्या’ हा सल्ला दहा वर्षांपूर्वी पूर्ण बरोबर होता. आज तो अर्धाच बरोबर आहे आणि हे दाखवायला एक्सपीएस १३ सारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. २०२४ मध्ये हा लॅपटॉप एकाच अंगकाठीत दोन प्रकारांनी आला: एकात इंटेलचा प्रोसेसर, दुसऱ्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स. वरून पाहिले तर ओळखू येऊ नयेत इतके सारखे. दोन्हींवर विंडोज ११ च. पण स्नॅपड्रॅगन हा मोबाइलच्या घराण्यातला, एआरएम पद्धतीचा प्रोसेसर आहे. इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरे त्याच्यावर ‘प्रिझम’ नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात आणि वर्ड-ब्राउझरसारखी रोजची कामे नीट होतात. दुभाष्याची हद्द मात्र ठरलेली आहे. विंडोजच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो, त्याचे भाषांतर होत नाही. श्रीलिपीची जुनी आवृत्ती यूएसबीत खोचलेल्या लॉकवर चालते, त्या लॉकला असाच ड्रायव्हर लागतो. तो जुना असेल आणि कंपनीने एआरएमसाठी नव्याने केलेला नसेल, तर लॉक ओळखले जात नाही आणि पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर उघडतच नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरचेही तेच. शिवाय जी सॉफ्टवेअरे इतर प्रोग्रामांत शिरून कळांचे अक्षर बनवतात, तीही एआरएमसाठी वेगळी बनवलेली असावीत असे मायक्रोसॉफ्टच सांगते. नुडी किंवा ‘बरह’ या टंकन-सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती तिथे सर्वत्र टंकेलच, अशी हमी कोणी देऊ नये.

म्हणजे जुन्या फाँटांवर अवलंबून असलेल्याने हौसेने घेतलेला सर्वांत नवा, सर्वांत जास्त बॅटरीचा विंडोज लॅपटॉप त्याच्या कामाला मॅकइतकाच परका ठरू शकतो. यावर जाणकार एक तोडगा सुचवतात: मॅक घ्या आणि त्यात पॅरलल्स टाकून विंडोज चालवा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप येण्यापूर्वी, मॅकमध्ये इंटेल असताना हा सल्ला उत्तम होता. आजच्या एअरमध्येही एआरएमच आहे, त्यामुळे पॅरलल्समध्ये जी विंडोज बसते ती एआरएमचीच. लॉकची अडचण तिथेही तशीच समोर उभी राहते, वर पॅरलल्सची वर्गणी. जुना फाँट मॅकमध्ये बसवून जुनी फाइल बहुतेक वेळा वाचता येते, पण त्यात नवे टंकायचे तर साधन नाही.

छापखान्यांचा आक्षेप वजनदार आहे. ‘आम्हाला श्रीलिपीतच मजकूर द्या, युनिकोडमध्ये अक्षरांचे प्रकार कुठे आहेत?’ पंधरा वर्षांपूर्वी याला उत्तर नव्हते. लग्नपत्रिकेला जे वळणदार, ठसठशीत अक्षर लागते ते युनिकोडमध्ये मिळत नसे. आता मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘अनेक’ हे फाँट मोफत आहेत. त्यातले ‘बालू’ आणि ‘अनेक’ तर देवनागरी आणि कन्नड दोन्हींत एकाच हाताने काढल्यासारखे जुळतात. दोन भाषांच्या पाटीवर दोन्ही अक्षरे एकमेकांशी भांडत नाहीत, हे जुन्या फाँटांना कधी जमले नव्हते. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्याही युनिकोड जाणतात. छापखाना बदलत नाही याचे खरे कारण मला वेगळे दिसते. तिथे पानांच्या मांडणीला अजून पेजमेकर चालते, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे आणि युनिकोड मराठी त्याला जुळवता येत नाही. चालत्या धंद्यात सॉफ्टवेअर, ऑपरेटर आणि सवय एकदम बदलणे महाग पडते, हे मान्य. पण तो छापखान्याचा खर्च आहे. लेखकाने, शिक्षकाने किंवा पतसंस्थेने स्वतःचा मूळ मजकूर त्यासाठी जुन्या संकेतात अडकवून ठेवावा, हे मला पटत नाही. मूळ युनिकोडमध्ये ठेवावे आणि छापखान्याला लागेल ते रूप त्याने करून घ्यावे.

बाकीचे आक्षेप लवकर निपटतात. हिशेबाची टॅली विंडोजचीच आहे. ज्याचा दिवस टॅलीत जातो त्याने मॅकच्या वाटेला जाऊ नये. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत सॉलिडवर्क्सवर यंत्रभागांची रेखाटने करणाऱ्याने तर या तुलनेतून बाहेरच पडावे, कारण ते मॅकवर नाही, एआरएमच्या विंडोजवर कंपनीचा पाठिंबा नाही आणि सव्वा किलोचा लॅपटॉप त्या कामाला पुरतही नाही. किमतीचे म्हणाल तर एम४ चा एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांपासून आला आणि त्यात १६ जीबी रॅम होती. विंडोजमध्ये याहून पुष्कळ स्वस्त आणि थोडे जड पर्याय आहेत आणि बहुतेकांना तेच पुरतील, हेही खरे. दुरुस्तीत विंडोजची बाजू उघडच भक्कम आहे. ॲपलची स्वतःची दुकाने सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरू आणि पुण्यात आली. बेळगावच्या माणसाला दोन्ही लांबच. विंडोजचा लॅपटॉप उघडणारा मात्र खडेबाजारापासून निपाणीपर्यंत कुठेही भेटतो.

तेव्हा ज्याचे लिखाण आधीच युनिकोडमध्ये आहे त्याने, परवडत असेल तर, एअर घ्यावा. तो शांत आहे, टिकाऊ आहे आणि त्याची मराठी-कन्नड दोन्ही चोख आहे. स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉपही त्याला चालेल. ज्याचे रोजचे काम जुन्या फाँटांत आहे त्याने इंटेल किंवा एएमडीचा विंडोज लॅपटॉप घ्यावा आणि दुकानात लॉक सोबत नेऊन चालवून पाहावे. पण हा पर्याय मी मुदतीचा मानतो. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्या जुन्या संगणकांवर जुन्या फाँटांची सॉफ्टवेअरे निवांत चालत होती, त्यांतले अनेक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि ते भंगारात जातील.

भंगारात जाण्याआधी त्यांच्याकडून एक काम करून घ्यायला हवे. पेजमेकरच्या फायली इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत, म्हणून त्यांतला मजकूर पेजमेकर जिवंत आहे त्याच संगणकावर बाहेर काढावा लागतो. तो काढताना साधी टेक्स्ट फाइल करू नये. तिच्यात फाँटांची नावे पुसली जातात आणि मराठी परिच्छेद कुठे संपून कन्नड कुठे सुरू झाला, हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही. तो कन्नडालाही मराठी समजून बदलतो. फाँटांची नावे राखणाऱ्या आरटीएफमध्ये काढावे, मराठीचे आणि कन्नडचे रूपांतर वेगवेगळे करावे आणि नंतर डोळ्यांनी वाचावे. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यांची अदलाबदल करताना जोडाक्षरांत प्रोग्राम चुकतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ अशा शब्दांतला ऱ्य हमखास ‘र्य’ होतो. पतसंस्थेच्या सभासद यादीत आडनावांवर हीच वेळ येते, म्हणून ती यादी सर्वांत आधी तपासायला घ्यावी.