आरोपीचे म्हणणे

सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली. त्या काळात माझ्या बोटांखालून सर्वांत जास्त वेळा गेलेले शब्द 'खोटे आहे' हेच असावेत. सरकारपक्षाचे साक्षीदार संपले की आरोपीचा जबाब होतो. जुन्या संहितेत कलम 313, आता 351. साक्षीदार क्रमांक 3 सांगतात की तुम्ही कुऱ्हाडीने घाव घातला, याबाबत तुमचे काय म्हणणे आहे? खोटे आहे. कुऱ्हाड तुम्ही पंचांसमक्ष काढून दिली? खोटे आहे. मग तुमच्याविरुद्ध केस का झाली? पोलिसांनी खोटी केस केली. उत्तरं वकिलांनी पढवलेली असतात, आणि त्यात वकिलांचं काही चुकत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं आपली राज्यघटनाच सांगते. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरत नाहीत, कारण ती कशी मिळवली जाते हे 1872चा पुरावा कायदा करणाऱ्या इंग्रजांनाही पक्कं ठाऊक होतं. हे संरक्षण काढलं तर आधी भरडला जाईल तो निरपराध गरीबच.

तेव्हा माझी तक्रार त्या नकाराबद्दल नाही. ती त्याच्या पुढची आहे.

दोष सिद्ध झाला की न्यायाधीश आरोपीला थेट विचारतात, शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का? इथलीही उत्तरं ठरलेली. म्हातारे आईवडील, लहान लेकरं, घरात कमावणारा एकटाच, पहिलाच गुन्हा. एकदा पिंजऱ्यात एक शेतकरी उभा होता. बांधावरच्या भांडणात चुलतभावाचा जीव गेला होता. सदोष मनुष्यवध शाबीत झालेला. टेबलावर मुद्देमालाची कुऱ्हाड होती, दांड्याला पंचांच्या सह्यांची मळकी चिठ्ठी बांधलेली, लाखेच्या सीलचे तुकडे अजून दोऱ्याला चिकटलेले. मृग तोंडावर आला होता. साहेबांनी विचारलं, तशी मान वर करून तो म्हणाला, "वैनीच्या रानात औंदा पेरणी कोन करनार?"

त्याचे वकील गडबडले. साहेब जरा थांबले आणि मला सांगितलं, लिहा, आरोपीने दयेची विनंती केली. मी लिहिलं. साहेब सज्जन होते, पण असल्या वाक्याला निकालपत्रात जागा कुठे असते?

ती दयेची विनंती नव्हती. ज्या घरातला कर्ता आपण मारला त्या घराचं नेमकं काय मोडलं, हे त्याला कळलं होतं आणि ते आपल्या अंगावर आहे हेही. आता, त्या बाईने त्याला बांधावर उभं केलं असतं का? बहुधा नाही, आणि तिच्यावर क्षमेची सक्ती करण्याचा हक्क कुणालाच नाही. पश्चात्तापाचं सोंगही वठवता येतं, म्हणून न्यायाधीशाने आरोपीच्या मनात डोकावून सजा कमी-जास्त करावी, असंही मी म्हणणार नाही. तरीही शिक्षा झाली म्हणजे जबाबदारी आपोआप पार पडली, असं आपण सगळे जे धरून चालतो, ते मला पटत नाही.

तुरुंगात उठायचं केव्हा, खायचं काय, कोणत्या कामाला लागायचं, बराकीला कुलूप कधी पडणार, सारं दुसरे ठरवतात. ज्याने आपल्या कृत्याचा भार उचलायला शिकावं असं वाटतं, त्याला आपण वर्षानुवर्षं अशा जागी ठेवतो जिथे त्याच्यावर सोपवलेलं काही नसतं. तो बाहेर पडतो तेव्हा म्हणतो, भोगलं, फिटलं. कुणाचं फिटलं, हे विचारायला कुणी नसतं. शिवाय देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी. त्यांना हे विचारताही येत नाही, कारण अजून काही शाबीतच झालेलं नाही. त्यातला कुणी पुढे निर्दोष सुटला, तर गेलेल्या वर्षांची जबाबदारी व्यवस्थेतलं कुणीही अंगावर घेत नाही.

आपल्याकडे याला एक उत्तर कधीचंच शोधलं गेलं होतं. 1939मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची कल्पना. कैद्याने शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. त्याच परिसरातल्या गदिमांनी यावरून कथा लिहिली आणि 1957मध्ये व्ही. शांतारामांनी तिचा 'दो आँखें बारह हाथ' केला. सिनेमा आपल्याला जेलरच्या डोळ्यांसाठी आठवतो. मला मोलाचं वाटतं ते कैद्याचं रोजचं काम: भिंत नसताना, पळता येत असताना, न पळण्याचं तो रोज स्वतः ठरवतो. अशा जागा मोजक्या आणि तिथे जाणारे निवडक, हे खरं. पण विश्वास टाकल्याशिवाय जबाबदारी येत नाही, एवढं तिथे दिसतं.

कायदाही अधूनमधून त्या वाटेला जातो. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर कैदेऐवजी समाजसेवा आहे. 1998मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कैद्याला कामाची रास्त मजुरी द्या, आणि तिच्यातला वाटा पीडितांसाठी राखून ठेवायला राज्यांनी कायदा करावा. मला हा वाटा साऱ्या प्रवचनांपेक्षा खरा वाटतो. त्या शेतकऱ्याच्या तुरुंगातल्या मजुरीचे पैसे दर पेरणीला त्याच्या वैनीपर्यंत पोचले असते, तर तिने त्यांतून बियाणं घेतलं असतं किंवा ते आणणाऱ्याच्या तोंडावर फेकले असते. दोन्ही तिच्या हक्काचं होतं. आपल्या न्यायाने तिला यातलं काहीच करू दिलं नाही. तिची साक्ष घेतली, अंगठा घेतला आणि शेवटच्या एसटीने घरी पाठवलं.